मागच्या कोठ्याचा कर

"लिहून दे."

कोणी काही सांगितलं की मावशी एवढंच म्हणायच्या आणि कमरेच्या बटव्यातून निळ्या टोपणाचं पेन काढून समोर धरायच्या. भाजीवाला म्हणाला, उद्या नक्की मेथी आणतो, लिहून दे. डॉक्टर म्हणाले, आठ दिवसांत खोकला जाईल, लिहून द्या. गल्लीतल्या मारुतीच्या पुजाऱ्याने एकदा सांगितलं की शनिवारी तेल वाहिलं की शत्रूचा नाश होतो, तर त्याच्याहीपुढे पेन आलं. "किती शनिवार, तेबी लिही."

त्यांच्याबद्दल लिहायचं मी कितीतरी वर्षं टाळलं. आमच्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक निघतो. संपादक दर वर्षी म्हणतात, काका, जुन्या रायपूरवर काहीतरी द्या. आणि मी तलावाबद्दल, जुन्या शाळेबद्दल, मिठाईच्या दुकानांबद्दल देतो. मावशींना वगळून आमचा बुढापारा मोहल्ला लिहायचा म्हणजे कसरत असते, पण ती मला जमत आली. यंदा ती करणार नाही. जुन्या लोकांना त्या आठवतात, समता कॉलनीत ढोल घेऊन गेलेली मावशी म्हणून. त्या ढोलांच्या आधी काय झालं आणि नंतर काय झालं, हे दोघांनाच ठाऊक होतं. त्यातला मी उरलो आहे.

बुढापाऱ्यात तलावाच्या मागच्या अंगाला आमची गल्ली. दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला मागे सरावं लागतं, एवढी तिची रुंदी. मावशींचं घर कोपऱ्यावर होतं. दोन खोल्या, वर कवेलू, म्हणजे कौलं, मागे गाईंचा कोठा. यजमान रेल्वेत होते. ते गेल्यावर मावशींनी दोन गाई ठेवल्या आणि आसपासच्या मराठी घरांना दूध घातलं. आमच्यासारख्याच त्याही मूळच्या विदर्भातल्या. एकुलती मुलगी भिलाईला दिलेली. मी त्यांच्यापेक्षा पंधरा-एक वर्षांनी लहान, त्यामुळे मला त्या "भाऊ" म्हणत आणि अरे-तुरे करत. माझी बायको सकाळी दुधाला गेली की अर्धा तास परत यायची नाही.

पुण्या-मुंबईचे वाचक असतील तर सांगून ठेवतो, आमच्याकडे गोठ्याला कोठा म्हणतात. नागपूरकडे कोठा, आणि इथल्या छत्तीसगढीतही कोठाच. मावशी म्हणायच्या, "कोठ्यात जाऊन येते, गाय हंबरून राहिली." त्यात कोणाला काही वावगं वाटायचं नाही. बाहेरून आलेल्या हिंदी माणसाला मात्र त्या शब्दाचा दुसरा अर्थ आधी सुचतो. तो मी इथे लिहीत नाही; तुम्हाला कळला असेल.

मावशींचा स्वभाव गोड नव्हता. त्यांच्यावरचा लेख म्हणून तसं लिहिणं खोटं होईल. "मी कोणाचं ठेवत नाई," हे त्यांचं दुसरं वाक्य. दुधाचे पैसे असोत की टोमणा, परत करायच्याच. समोरचा किराणावाला रोज आपली स्कूटर त्यांच्या दाराला टेकवून लावायचा. एका सकाळी त्यांनी गाय जरा पुढे बांधली आणि गाईने स्कूटरची सीट चाटून, चावून, आतल्या स्पंजासकट संपवली. किराणावाला ओरडत आला.

"मौसी, आपकी गाय ने मेरी सीट खा ली!"

"गाय है भैया, उसको क्या समझता है?"

गाईला एवढं समजत होतं की सीटवर मिठाचं पाणी शिंपडलेलं आहे. हे मावशींनी माझ्या बायकोला आठ दिवसांनी सांगितलं, आणि सांगताना त्या हसल्यासुद्धा नाहीत. स्कूटर पुन्हा त्या दाराला लागली नाही.

आता माझ्याबद्दल. मी टॅक्सच्या कचेरीत बाबू होतो. कचेरी कुठली हे सांगत नाही. चूक एका माणसाची होती आणि तो माणूस हे लिहीत बसला आहे.

राज्य नवं झालं. रायपूर राजधानी झालं, आणि ज्या गल्लीत घर फुकट दिलं तरी कोणी राहायला येत नव्हतं तिथे भोपाळहून आलेले साहेब लोक भाड्याने खोल्या शोधू लागले. वरून हुकूम आला की प्रत्येक घर नव्याने मोजा. फॉर्म छापून आले. मला माझाच पारा, म्हणजे मोहल्ला, मिळाला. मी म्हटलं, आपल्या गल्लीत काय मोजायचं? जन्म गेला इथे. तलावाजवळच्या चहाच्या टपरीवर बसलो आणि टेप न उघडता दोन दिवसांत अख्खी गल्ली भरून टाकली. कोणाच्या घराला किती खोल्या, कोणाचं छत कशाचं, सगळं पाठ होतं. मावशींच्या फॉर्मवर लिहिलं: "मकान कवेलू का. पीछे कोठा." पुढे "उपयोग" असा एक रकाना होता. तो मी कोरा सोडला. कोठ्याचा उपयोग काय असतो हे कोणाला लिहून सांगायचं? सहीच्या जागी नेहमीची जिलेबी काढली आणि चहाचे पैसे दिले.

फॉर्म गेले कॉम्प्युटरवर चढायला. ते काम करणारी पोरं कुठल्या गावची होती देव जाणे. कोऱ्या रकान्याला त्यांनी ठरलेला शब्द लावला. वर्षभराने मावशींच्या दारात बिल आलं. "पृष्ठ भाग: कोठा. उपयोग: व्यावसायिक." कर घराच्या कैक पट.

त्या बिल घेऊन माझ्या खिडकीशी आल्या.

"हे काय व्हय भाऊ? गाईनं दुकान टाकलं काय?"

"चूक झाली असन मावशी. अर्ज द्या, मी पाह्यतो."

"कवा पाह्यशीन, लिहून दे."

मी अर्जाची पोच लिहून दिली. त्यांनी ती घडी करून बटव्यात घातली. साहेबांकडे अर्ज गेला तेव्हा साहेब म्हणाले, मोजणी चुकली असेल तर मोजणी करणाऱ्याने तसं लेखी द्यावं, मग दुरुस्ती. दोन ओळींचं काम होतं. "मी प्रत्यक्ष जागेवर न जाता फॉर्म भरला, मागे गाईंचा गोठा आहे." एवढं लिहिलं असतं तर बिल त्याच दिवशी रद्द झालं असतं.

पण त्याच महिन्यात खोट्या मोजणीची चौकशी सुरू झाली होती आणि माझ्या शेजारच्या टेबलावरचा माणूस निलंबित होऊन घरी बसला होता. माझ्या मुलीचं लग्न ठरलं होतं. ही कारणं मी इतकी वर्षं स्वतःला सांगितली आहेत की ती आता पाठ झालेल्या शुभंकरोतीसारखी येतात. तुम्हाला एकदाच सांगतो आणि त्यांच्या मागे लपत नाही.

मावशी परत आल्या. मी म्हणालो, "मोजणाऱ्याचं लेखी पाह्यजे म्हणतात."

"मंग सांग ना त्याले लिहून द्याले. कोण होता तो?"

"पाह्यतो मावशी. जुनी गोष्ट झाली, सापडला पाह्यजे."

"सापडन. तू हाय ना इथं."

पुढे दर वर्षी मार्चमध्ये मावशी यायच्या, घराचा कर भरायच्या, पावती घ्यायच्या आणि कोठ्याचा कर भरायला नकार द्यायच्या. "येऊन पाहा मनावं साह्यबाले. दोन गाई हायेत, त्यायले पुसून घे धंदा कोणचा करता." कोणी आलं नाही. थकबाकीवर अधिभार चढत गेला. मधल्या काळात मावशींचे गुडघे गेले, गाई विकाव्या लागल्या, कोठ्यात लाकडं आणि जुन्या पेट्या आल्या. मी एकदा चांगुलपणाने सुचवलं, "मावशी, भरून टाका ना, कटकट मिटन."

"काहून भरू? भरलं म्हंजे खरं झालं ना ते."

मग वसुलीचं काम एका खाजगी ठेकेदाराला दिलं गेलं. त्याचं ऑफिस समता कॉलनीत, काचेच्या दाराचं. त्याची माणसं मोटरसायकलवरून हिंडायची. आमच्या गल्लीच्या वाट्याला जो आला त्याच्या गळ्यात जाड साखळी होती, तोंडात सदा गुटखा, आणि तो बोलायच्या आधी थुंकायचा. पहिल्याच दिवशी त्याने बिल वाचलं, पुन्हा वाचलं आणि भर गल्लीत हसला.

"मौसी, कोठे का टैक्स बाकी है आपका. बहुत पुराना कोठा है?"

मावशींना क्षणभर कळलं नाही. त्या म्हणाल्या, "हव, ससुर के टाइम का है."

गल्लीत नव्याने राहायला आलेली दोन-चार पोरं होती, ती खिदळली. तो माणूस आणखी चढला. "अब बंद कर दिया क्या? काहे, ग्राहक नहीं आते?"

तेव्हा कळलं. मी माझ्या दारात उभा होतो, मला त्यांचा चेहरा दिसला. पुढे त्यांनी काय केलं असेल असं तुम्हाला वाटतं? आत गेल्या आणि कडी लावली. सगळ्या गल्लीला धाकात ठेवणारी बाई त्या दिवशी दुपारी घराबाहेर आली नाही. संध्याकाळी माझ्या बायकोने दार वाजवलं तर आतून म्हणाल्या, "मले बरं नाई वाटून राहिलं."

त्या माणसाला मजा आली. तो दर आठवड्याला यायचा, दारावर नोटीस चिकटवायचा आणि तो शब्द मोठ्याने म्हणायचा. कुठून तरी त्याने भिलाईचा नंबर मिळवला आणि मुलीच्या सासरी फोन केला. फोन सासऱ्यांनी उचलला. मुलगी रडत रडत मावशींना म्हणाली, "आई, भर दे ना पैसा. यहाँ सबके सामने बोल रहे थे. मेरे को मुँह दिखाने की जगह नहीं रही." तिला मराठी समजायची, पण बोलायची हिंदीच.

त्यानंतर एके सकाळी ढोल आले. थकबाकीदारांच्या दारापुढे ढोल वाजवायचे आणि भोंग्यावरून नाव पुकारायचं, म्हणजे मुनादी, ही ठेकेदाराची नवी युक्ती. चार वाजवणारे, एक पुकारणारा. पुकारणाऱ्याने कागदावर होतं ते जसंच्या तसं वाचलं, कोठ्यासकट. गल्लीच्या दोन्ही टोकांना माणसं जमली. आणि मावशी बाहेर आल्या. हातात पाण्याची कळशी आणि पेला होता. वाजवणाऱ्या एकेकाला त्यांनी पाणी दिलं.

"कहाँ के हो बेटा?"

"पुरानी बस्ती के, दाई." छत्तीसगढीत दाई म्हणजे आई.

"दिन का क्या लेते हो?"

त्यांनी सांगितलं. मावशींनी पेन काढलं. "फोन नंबर लिख दो." नंबर बटव्यात गेला. साखळीवाल्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मला मात्र त्या दिवशी संध्याकाळी म्हणाल्या, "भाऊ, त्या ठेकेदाराचं ठेवाचं नाई आता."

मला संधी दिसली. माझ्याकडे एक माहिती होती. मी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणालो, "मावशी, समता कॉलनीतल्या त्याच्या ऑफिसची नोंद माहितीच्या अधिकाराखाली मागवा. गंमत सापडन."

"लिहून दे कसा अर्ज कराचा तं."

"लिहून नाई देत. तोंडी सांगतो, तुमच्या हातानं लिहा."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग लिहून घेतलं.

महिन्याभरात उत्तर आलं. ठेकेदाराच्या त्या काचेच्या ऑफिसची नोंद "आवासीय", म्हणजे राहतं घर. आणि त्या राहत्या घराचाही कर काही वर्षांपासून भरलेला नव्हता. सगळ्या शहरात ढोल वाजवत हिंडणारा माणूस स्वतः थकबाकीदार. मावशींनी त्या कागदाला प्लास्टिक चढवून घेतलं.

पुढचा भाग गल्लीतला प्रत्येक माणूस सांगतो, आणि प्रत्येक जण स्वतः तिथे होता असं सांगतो. मी खरोखर होतो. अर्ध्या दिवसाची रजा टाकून समोरच्या औषधाच्या दुकानात उभा राहिलो होतो. मावशी सायकल रिक्षात बसून आल्या. अंगावर मोतिया रंगाचं लुगडं, डोळ्यांवर चष्मा, मांडीवर प्लास्टिकचा कागद. मागे तेच चार ढोलवाले आणि तोच पुकारणारा, तोच भोंगा. काचेच्या दारापुढे रिक्षा थांबली आणि वरातीचा ठेका सुरू झाला. शेजारच्या दवाखान्यातले पेशंट नंबर सोडून बाहेर आले. पुकारणाऱ्याने त्याच आवाजात, त्याच चालीवर ठेकेदाराचं नाव, पत्ता आणि थकबाकी वाचली.

ठेकेदार धावत बाहेर आला. पायात चप्पल नव्हती.

"ए मौसी! ये क्या तमाशा लगा रखा है?"

"तमाशा नहीं भैया, मुनादी है. बाजा आप ही का है. रेट भी वही दिया, पूछ लो इनको."

"बंद करवाओ पहले!"

"करवाती हूँ ना. कब भरोगे, लिख के दो." आणि पेन पुढे.

त्याने इकडेतिकडे पाहिलं. दवाखान्याचे पेशंट, दुकानदार, मुलांना शाळेतून घेऊन परतणाऱ्या बाया, सगळे थांबले होते. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "लिख दे भाई, मौसी बुजुर्ग हैं!" त्याने रिक्षाच्या हुडावर कागद ठेवून लिहून दिलं. मावशींनी ते वाचलं. "तारीख रह गयी," म्हणाल्या. त्याने तारीख घातली. मग ढोल थांबले. साखळीवाला तिथेच होता, रिक्षा वळताना मावशी त्याला म्हणाल्या, "और तेरे लिए एक दिन अलग से लाऊँगी, तेरे घर." तो त्यानंतर आमच्या गल्लीत दिसला नाही.

मी औषधाच्या दुकानात पोट धरून हसलो. आजही तो अनवाणी ठेकेदार आठवला की मला आनंद होतो, आणि या वयात असा आनंद बरा नव्हे असं मी म्हणणार नाही. आणखी एक खरं सांगतो. त्या दिवशी मला वाटलं, माझं फिटलं. ती माहिती मी दिली म्हणून हे झालं. आता मावशींचं माझ्याकडे काही राहिलं नाही.

ठेकेदार गप्प बसला नाही. पंधरा दिवसांत कुर्कीची, म्हणजे घरातलं सामान जप्त करायची नोटीस आली. मावशींनी हरकत घेतली आणि सुनावणी लागली. साहेब नवे होते, तरुण, बाहेरचे, स्वभावाने वाईट नव्हते. ठेकेदाराचा वकील एका बाजूला, मावशी एका बाजूला, आणि फाइल हातात धरून साहेबांच्या खुर्चीशेजारी मी.

"माताजी, ये कोठा क्या चीज़ है?" साहेबांनी विचारलं. वकिलाने तोंडाला रुमाल लावला.

"गाय का कोठा साहब. गोरू बाँधने का. सात पीढ़ी से सब लोग यही बोलते हैं."

"तो फॉर्म में गाय क्यों नहीं लिखा?"

"वो तो लिखने वाले को पूछिए."

साहेबांनी फॉर्म काढला. सही वाचता येत नव्हती. सर्व्हेच्या वेळचं ड्युटीचं रजिस्टर ऑफिस हलवताना गहाळ झालं होतं. मावशी म्हणाल्या, "साहब, मैं देखूँ?" साहेबांनी तो त्यांच्यापुढे सरकवला. इतक्या वर्षांत त्यांनी तो मूळ कागद पाहिला नव्हता. त्यांना फक्त छापील बिलं मिळत होती.

त्या चष्मा सारखा करून एकेका शब्दाखाली बोट नेत वाचू लागल्या. मकान. कवेलू. तिथे बोट थांबलं.

हिंदी शाळेत शिकलेला माणूस "ल" वेगळा काढतो. एका वळणाने सरळ उभ्या दांडीला नेऊन टेकवतो. आपण मराठी शाळेत शिकलेले लोक आधी दोन पाकळ्या काढतो, मग दांडी. वर्षानुवर्षं हिंदीत नोकरी करूनही माझा "ल" बदलला नव्हता. ते माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं. त्या कचेरीत मराठी बाबू एकच होता, आणि अर्जाच्या पोचेवर त्याचा "ल" मावशींच्या बटव्यात कितीतरी वर्षं घडी घालून ठेवलेला होता.

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

साहेबही माझ्याकडे वळले. "बाबूजी, आप तो पुराने हैं. ये लिखावट पहचानते हैं?"

चौकशी केव्हाच संपली होती. मुलीचं लग्न होऊन तिला मूल झालं होतं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. फार तर एक ताकीद मिळाली असती.

"नहीं सर," मी म्हणालो. "बहुत पुराना है."

मावशींनी त्या वेळी माझं नाव घेतलं असतं तर मी सुटलो असतो. त्यांनी घेतलं नाही. कागद साहेबांकडे परत सरकवला. "ठीक है साहब," एवढंच म्हणाल्या.

साहेबांनी जागेची पाहणी करवली. कोठ्यात गाई नव्हत्या, लाकडं आणि पेट्या होत्या. अहवालात "भंडारण", म्हणजे गोदाम, असं आलं. अधिभार माफ झाला, कुर्की टळली, पण मूळ कर कायम राहिला.

सुनावणीनंतर मी व्हरांड्यात त्यांना गाठलं. "मावशी, चला, स्कूटरवर घरी सोडतो."

"नहीं साहब," त्या म्हणाल्या. "हम चले जाएँगे. आप तकलीफ़ मत कीजिए."

मला वाटलं आजूबाजूला लोक आहेत म्हणून. रायपूरचे मराठी लोक चारचौघांत हिंदी बोलतात, त्यात विशेष काही नाही. पण पुढच्या आठवड्यात त्यांनी चार मजूर लावून कोठा पाडला. कवेलू विकले, सागाच्या वाशांना चांगलं गिऱ्हाईक मिळालं, आणि कोठ्याचा कर कोठा विकून भरायला त्या माझ्या खिडकीशी आल्या. खिडकीपाशी दुसरं कोणी नव्हतं.

"बसा ना मावशी, चहा सांगतो," मी म्हणालो.

"जी नहीं साहब. रसीद दीजिए."

तेव्हापासून त्या माझ्याशी हिंदीतच बोलल्या. नुसत्या हिंदीत नाही, "आप" आणि "जी" लावून. माझ्या बायकोशी तेच जुनं, "काहून वं, आज उशीर केला?" आणि तिच्या मागून मी आलो की "नमस्ते साहब." मंडळाच्या गणपतीत प्रसाद वाटताना सगळ्यांना "घ्या जी, घ्या," आणि माझ्यापुढे द्रोण धरून, "लीजिए." लोकांना ती गंमत वाटायची. टॅक्सवाल्यावर मावशींचा राग अजून गेला नाही, म्हणायचे आणि हसायचे. मीही हसायचो.

तुम्ही मराठी मुलखात राहणारे, तुम्हाला हे कदाचित पूर्ण कळणार नाही. इथे आपली माणसं मोजकी. कचेरीत, बाजारात, शेजारी, नातवंडांशीसुद्धा हिंदी. "काहून रे भाऊ" म्हणणारी चार-दोन म्हातारी माणसं उरलेली असतात. मावशींनी ठेकेदाराला एक दिवस दिला होता. मला त्यांनी अकरा वर्षं दिली, आणि त्यात एकाही दिवसाची सूट नव्हती.

बायकोने एकदा विचारलं, "मावशी तुमच्याशी हिंदीत काहून बोलतात हो?"

"वय झालं त्यांचं," मी म्हणालो. बायको गेली तोपर्यंत तिलाही मी खरं सांगितलं नाही.

मागच्या वर्षी मुलीने त्यांना भिलाईला नेलं आणि तिथेच त्या गेल्या. न्यायच्या आदल्या दुपारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. काय बोलायचं ते घरी आरशासमोर उभं राहून म्हणून पाहिलं होतं. त्या खाटेवर होत्या, अगदी लहान झालेल्या. शेजारची एक बाई पाय दाबत बसली होती. तिला मावशींनी हातानेच आत जायला सांगितलं. म्हणजे मी कशाला आलो हे त्यांना कळलं होतं.

"आइए साहब, बैठिए."

मी स्टुलावर बसलो. "मावशी, मले तुमाले एक सांगाचं होतं..."

"हिंदी में कहिए," त्या म्हणाल्या. आवाज बारीक होता पण स्पष्ट. "हमको मराठी नहीं आती."

मी हिंदीत म्हणायचा प्रयत्न केला. खरंच केला. पण हिंदीत "माफी" हा शब्द मी जन्मभर कचेरीत वापरला होता. अधिभार की माफी, जुर्माने की माफी, माफी का आवेदन. तो तोंडात आला आणि मला त्याच्यासोबत माझं टेबल दिसलं, शिक्का दिसला. त्या माझ्याकडे पाहत होत्या. त्या वाट पाहत होत्या असं मला आज वाटतं.

"तबीयत कैसी है?" मी विचारलं.

त्यांनी डोळे मिटले. "ठीक है साहब."

मी उठलो. बाहेर पडून पायरीवर चपला घालत होतो तेव्हा आतून त्यांचा आवाज आला. माझ्याशी नव्हे, त्या शेजारच्या बाईशी बोलत होत्या. "दार लोटून घे वं माय, ऊन येऊन राहिलं."

तिने दार लोटलं. मी पायरीवर उभा राहिलो. माझ्याजवळ सगळी वाक्यं मराठीत तयार होती. मावशी, तो फॉर्म म्या भरला होता. तुमच्या घरी न येता भरला. साह्यबानं पुसलं तवाबी मी खोटं बोललो. मले माफ करा.